ससा, सासूबाई आणि मी

शनिवार, ४ मे

आज ससा आणला. कुणालाही न विचारता.

विचारणार तरी कुणाला म्हणा. या घरात इतक्या वर्षांत कुत्रा नाही, मांजर नाही, काचेच्या भांड्यात साधा मासासुद्धा नाही. का, तर ह्यांना केस चालत नाहीत, ह्यांना वास चालत नाही. बघा, परत 'ह्यांना' लिहिलं. त्याला. त्याला चालत नाही. जो माणूस चार महिन्यांपूर्वी एक बॅग आणि इस्त्री केलेले शर्ट घेऊन दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, त्याला या वहीत तरी मी 'तो'च म्हणणार.

लॅबमधून येताना प्राण्यांचं दुकान रोज लागतं. रोज पुढे निघून जाते, आज थांबले. राखाडी पिल्लू, जेमतेम ओंजळीत मावेल एवढं. एक कान उभा, दुसरा वाऱ्याने पडल्यासारखा. दुकानदार म्हणाला, "तो नको मॅडम, त्याचा कान बिघडलाय. दुसरा दाखवतो." मी म्हटलं, "हाच द्या." बिघडलेलं परत करायचं असतं हे शिकवणारे लोक मला आता नकोच आहेत.

"खायला काय घालू?"

"काहीही घाला. गाजर, कोबी, घरात असेल ते. ससाच आहे, काय मागणार?" असं म्हणून त्याने त्याच्याकडच्या खाद्याची एक पिशवी दिली.

घरी खोकं उघडलं तर सासूबाई चष्मा पुसून बघायला आल्या.

"हे काय उंदरासारखं?"

"ससा आहे, आई."

"शिजवायला आणलास?"

"पाळायला."

"त्याला विचारलंस?"

'त्याला' म्हणजे त्यांच्या मुलाला. डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "जाताना त्याने मला विचारलं होतं?" सासूबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

सासूबाई इथे आहेत कारण त्यांना कुणी नेलं नाही. तो म्हणाला होता, तिकडे एकच खोली आहे, सध्या आईची सोय होणार नाही. 'सध्या' संपेपर्यंत त्या इथे. माझं त्यांच्याशी भांडण नाही, तसं प्रेमही नाही. सकाळी चहा ठेवते, रात्री औषध देते, बास.

ससा माझा आहे. फक्त माझा.


रविवार, ५ मे

खात नाही!

गाजर किसून ठेवलं, कोबीचं पान ठेवलं, सफरचंदाची फोड ठेवली. दुकानातलं खाद्य वाटीत ठेवलं. महाराज खोक्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसलेत, पाठ माझ्याकडे. मी जमिनीवर पालथी पडून त्याची मनधरणी करतेय आणि दारातून आवाज येतो, "त्याच्या तोंडात भरव आता, चमच्याने."

मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा."

फोनवर वाचलं की नव्या घरात पिल्लू घाबरलेलं असतं, एकटं सोडावं, वर फडकं टाकून आडोसा करावा, सारखं हाताळू नये. ठीक आहे. फडकं म्हणून त्याचाच एक टॉवेल घेतला, न्यायचा राहिलेला. छान जाड आहे.

दुपारी मी स्वयंपाकघरात असताना कुरकुर आवाज आला. गाजर आणि कोबी दोन्ही गायब. जिवात जीव आला.


मंगळवार, ७ मे

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे दाखवून आणला. तरुण आहेत, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं.

"गाजर? कोबी? सफरचंद? सगळं एकाच दिवशी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते खाल्लं होतं. "अहो, गाजर म्हणजे त्याची मिठाई. एवढ्याशा पिल्लाला रोज मिठाई घालणार का तुम्ही?"

मग सगळं नीट सांगितलं. वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं, ढीगभर, तेच त्याचं खरं जेवण. दुकानात जे खाद्य खात होता तेच काही दिवस चालू ठेवायचं, बदलायचं तर नवं थोडं थोडं मिसळत जायचं. स्वच्छ पाणी. हिरवा पाला इतक्यात नाही, पुढे सुरू केला तरी एका वेळी एकच आणि चिमूटभर. आणि माणसांचं खाणं बिलकुल नाही. "सशाला उलटी होत नाही. एकदा पोटात चुकीचं गेलं की ते पुढेच जायला हवं. आणि पोट थांबलं तर ससाही थांबतो."

गवत कशाला, तर दातांसाठीही. सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. गवत चावून चावून झिजले नाहीत तर वाढून तोंड बंद करतात.

हे ऐकून मला केवढा आनंद झाला! मी कवळ्या बनवणारी बाई. दिवसभर मेणात खोटे दात बसवायचे, प्लास्टरमधून काढायचे, घासून पॉलिश करायचे. माझ्याकडे येतात ते सगळे दात संपलेले. आणि माझ्या घरात आता एक जण आहे ज्याचे दात संपतच नाहीत.

येताना गवताचा भारा घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "आता गोठाच बांध." बांधीन की.


शुक्रवार, १० मे

आज सासूबाईंची किंकाळी. मला वाटलं पडल्या. धावत गेले तर सशाकडे बोट दाखवत भिंतीला टेकलेल्या.

"स्वतःचंच खातोय! मेला स्वतःचंच खातोय!"

त्यांना समजावलं. सशाची एक प्रकारची लेंडी मऊ असते, ती तो लगेच खातो, त्यातून त्याला पोषण मिळतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, खाऊ द्यायची.

"माणसाने काय काय बघायचं या वयात," असं म्हणत त्या खुर्चीत बसल्या. मग तिथूनच बघत राहिल्या. बराच वेळ. मला कवळीच्या ऑर्डरचं काम घरी आणलेलं होतं, मी माझ्या कामाला लागले. मधेच ऐकू आलं, "पाणी पी मेल्या, उन्हाळा आहे."

नाव मी अजून ठेवलेलं नाही. पण तो 'मेल्या' म्हटलं की कान उचलतो. मी ठरवलंय की हे नाव चालणार नाही.

एक बरं झालं. सासूबाईंची भूक सुधारली आहे. मुलगा गेल्यापासून चहाबरोबर अर्धं बिस्किट खायच्या, ते पण भिजवून, कारण त्यांची कवळी सैल झालीय. (जगाच्या कवळ्या मी करते, पण यांनी मला तोंड उघडून दाखवलं नाही. सुनेसमोर बोळकं कसं दाखवायचं!) या आठवड्यात बिस्किटांचा डबा तळाला गेलाय. नवा पुडा भरून ठेवला. खाऊ देत.


सोमवार, १३ मे

त्याचा फोन. चार महिन्यांत तिसरा.

"तू ससा आणलास म्हणे."

"म्हणे नाही, आणलाय."

"डोकं ठिकाणावर आहे का? आईचं वय बघ, तिला केसांचा त्रास होईल."

"आईची एवढी काळजी असेल तर घेऊन जा ना."

मग म्हणाला, "सध्या नाही जमणार."

म्हटलं, "मग सध्या ससा राहणार." आणि फोन ठेवला. रागाने ठेवला. भीतीने नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

त्याला सांगितलं कुणी? सासूबाईंशिवाय कोण सांगणार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी काही तक्रार नव्हती केली. काय करतेस दिवसभर, असं विचारलं त्याने. म्हटलं, सशाकडे बघते."

नवा पुडाही संपत आलाय. वजन वाढेल त्यांचं, वाढू दे. ससाही गुबगुबीत दिसतोय. गवताला मात्र तोंड कमी लावतो, कालचा ढीग तसाच होता. गवतवाल्याने जुनं गवत दिलं असणार. उद्या त्याला जाऊन सुनावते.


मंगळवार, १४ मे

सुनावलं. गवतवाला म्हणाला, "बाई, ताजं आहे, वास घेऊन बघा." वास ताजाच होता. तरी बदलून घेतलं. मागे हटायचं नाही.


रविवार, १९ मे

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

आज सकाळी उठले तर ससा कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, दात कराकरा वाजत होते. खोक्यात एकही लेंडी नाही. खाद्याला तोंड नाही, पाण्याला नाही. पोट हाताला फुगलेलं, चामड्याच्या चेंडूसारखं घट्ट लागलं. तसाच टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे पळाले. सासूबाईही चपला घालून मागे. मी म्हटलं, तुम्ही कशाला? ऐकल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. "काय खाल्लं त्याने?"

"गवत आणि खाद्य. तुम्ही सांगितलं तेच."

"हे गवताचं पोट नाही. पीठ, साखर, असं काहीतरी गेलंय. पाव? बिस्किट?"

"घरात कुणी घालत नाही हो तसलं!" मी जोरात म्हटलं.

मागे खुर्चीत सासूबाई. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. अगदी हळू आवाज आला, "रोज दोन-तीन घालत होते. तो खोक्याला पाय लावून मागायचा."

इंजेक्शनं झाली, औषध दिलं. पोट हलायला हवं, नाहीतर तीन-चार दिवसांत संपेल, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. बिनसुईची पिचकारी दिली. खाद्य आणि गवताची पूड पाण्यात कालवून, गालाच्या बाजूने, एक एक थेंब, दर दोन तासांनी. जोर करायचा नाही, ठसका लागला तर जीव जाईल.

घरी आलो. दार लावलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. शेवटचं एवढंच की, "तुमच्या मुलाने माझं घर मोडलं, आता तुम्ही हेही मोडा. जा त्याच्याकडे!"

आणि रागाच्या भरात त्याला मेसेज केला: तुझ्या आईला घेऊन जा.

सासूबाईंनी चपला काढल्या. हात धुतले, खाली बसल्या, मांडीवर टॉवेल पसरला आणि म्हणाल्या, "दे इकडे. तुझे हात रागाने कापताहेत, त्याला ठसका लागेल."

दिला.


सोमवार, २० मे

रजा मागितली. लॅबचे मालक म्हणाले, "सशासाठी रजा? उद्या माशासाठी मागाल." चार कवळ्या आजच द्यायच्या होत्या. पेशंट बिनदाताचे बसलेत, त्यांचा काय दोष. म्हटलं, "मालक, तुम्ही हसा, पण दुपारी मी तासभर घरी जाणार. नाही म्हणालात तरी जाणार." त्यांनी हात टेकले.

दुपारी दार उघडलं तर आई सोफ्याला टेकून जमिनीवर बसलेल्या, ससा मांडीवर, पिचकारी हातात. गुडघे दुखतात म्हणून कालपर्यंत वर्षभर खाली बसल्या नव्हत्या. "ऊं ऊं, राजा, एवढंच, मग झोप," असं चाललेलं. मेल्या म्हणत नव्हत्या. कालपासून एकदाही म्हणाल्या नाहीत.

त्यांनी स्वतः काही खाल्लं नव्हतं. मी सूप गरम करून हातात दिलं. "नंतर," म्हणाल्या. म्हटलं, "आत्ता. नाहीतर तुम्हालाही पिचकारीने देईन." हसल्या नाहीत, पण प्यायल्या.

लेंडी नाही अजून.


बुधवार, २२ मे

लेंड्या!

पाच. काळ्या, कोरड्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, पण लेंड्या! सकाळी आईंची हाक आली, "अगं लवकर ये, झाली! झाली!" शेजारच्या काकू दार उघडून विचारायला आल्या, काय झाली, मुलगी की काय. आईंनी त्यांना फडक्यावर ठेवून दाखवल्या. काकू परत गेल्या त्या अजून बाहेर आलेल्या नाहीत.

मग गवताची एक काडी तोंडात घेतली त्याने. एकच. टोकापासून आत आत ओढत गेला, शेवया ओढाव्यात तशी. आम्ही दोघी बघत बसलो. लॅबला उशीर झाला. मालक काही बोलले नाहीत. माझं तोंड बघूनच असेल.


शुक्रवार, २४ मे

ससा गवत खातो, पाणी पितो, खोक्यातून बाहेर येऊन वायर चावतो. चावू दे.

त्याचं उत्तर आलं. इतक्या दिवसांनी. 'रविवारी येतो. आईचं सामान बांधून ठेव.'

आता 'सध्या' कसं काय संपलं? पुढची ओळ वाचली तेव्हा कळलं. तिला दिवस गेलेत. घरात कुणीतरी मोठं माणूस हवं.

आईंना सांगायला हवं. मेसेज मी केला होता हेही सांगायला हवं. उद्या सांगते. बरंच होईल खरं तर, मला एकटीला निवांत राहता येईल. दोन खोल्या, एक ससा, मनाला येईल तसं. कुणी 'गोठा बांध' म्हणणार नाही. हेच तर मला हवं होतं.

झोप येत नाहीये, उकाडा आहे.


शनिवार, २५ मे

नाही सांगितलं. दिवसभर त्या सशाला कोथिंबिरीची पहिली काडी द्यायची की नाही यावर माझ्याशी वाद घालत होत्या. डॉक्टरीणबाई आठवडाभर नाही म्हणाल्यात. आई म्हणतात, वास तरी घेऊ दे. एकदा चूक झाली म्हणून आता काटेकोर झाल्यात, काडी सशाच्या नाकासमोर धरून परत डब्यात ठेवली.

मधे सांगायला गेले होते. सशाचं पाणी बदलून परत आले. मी काही भित्री नाही. वेळ बरोबर नव्हती, इतकंच.


रविवार, २६ मे

आला. नवा शर्ट, केस रंगवलेले. दारातूनच म्हणाला, "आई, तयार नाहीस? हिने सांगितलं नाही?"

आईंच्या मांडीवर ससा होता. "काय सांगितलं नाही?"

"तुला न्यायला आलोय."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. त्याला तेवढंच हवं होतं. फोन काढून त्याने आईसमोर धरला. "हे बघ. हिनेच लिहिलंय. घेऊन जा म्हणून. तू नको आहेस तिला, मग इथे कशाला अपमान करून घेतेस?"

आईंनी चष्मा वर करून वाचलं. सावकाश. मला वाटलं, जमीन फाटावी. मग वाटलं, का फाटावी? त्याच्यासमोर मी मान खाली घालू? मूग गिळून पुष्कळ वर्षं काढली या माणसासमोर.

म्हटलं, "हो, मी लिहिलं. ससा मरायला टेकला होता त्या दिवशी, रागात लिहिलं. आज सांगते, आई, तुम्ही गेलेलं मला नको आहे. जायचं असेल तर जा, तुमचा मुलगा आहे. पण मला नको आहे."

असं मी कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. त्यालासुद्धा नाही, जाताना.

तो हसला. "नाटकं. आई, पुढच्या महिन्यात कोर्टात पहिली तारीख आहे. घटस्फोट झाला की ही तुझी कोण? कायद्याने कुणीच नाही. तू हिच्या घरात कोणत्या नात्याने राहणार?"

आई ससा कुरवाळत होत्या. "मला कशाला नेतोस रे?"

"म्हणजे? मुलगा आहे मी तुझा."

"चार महिने कुठे होता तो मुलगा?"

"आई, बाळ होणार आहे. तिची नोकरी आहे. घरात कुणीतरी हवं ना."

"हां," आई म्हणाल्या. "कुणीतरी."

मांडीवर ससा कुरतडत होता. टॉवेलचा कोपरा खात होता.

"बाळाला बघायला येईन मी," आई म्हणाल्या. "दहा वेळा येईन. अंघोळ घालीन, गाणी म्हणेन. माझं नातवंड आहे ते, त्याचा काय दोष? पण संध्याकाळी घरी परत येईन. इथे."

"हे तुझं घर नाही!"

"मग काय, तुझं आहे? तू तर सोडून गेलास. सोडलेल्या घरावर हक्क सांगायला आलायस, आणि मला विचारतोस कोणत्या नात्याने?" त्यांचा आवाज चढला. मी सून झाल्यापासून त्यांना त्याच्यावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "मी काय कपाट आहे, तुला जागा नव्हती तेव्हा इथे टाकलं, जागा झाली की उचलायला आलास?"

"आई, विचार कर. ही तुला उद्या हाकलून देईल."

"देईल तर देईल. तोंडावर सांगून देईल. तुझ्यासारखी बॅग भरून मागल्या दाराने नाही जाणार." मग माझ्याकडे वळल्या, "आणि तू. परत असलं काही लिहायचं असेल तर मला लिही. ह्याला नाही."

"हो आई," म्हटलं.

"जेवण झालंय का तुझं?" त्यांनी त्याला विचारलं. आईच ती. त्याने मान हलवली, नाही. मी डब्यातलं भरून दिलं. घेऊन गेला. जाताना दार आपटलं, तशी सशाने मांडीवरच मागच्या पायाने धप्प केलं. ससे राग आला की असं करतात.

तो गेल्यावर आई बराच वेळ रडल्या. मी जवळ बसले होते. ससा त्यांच्या मांडीवरून घेतला नाही, तेवढंच.


बुधवार, ५ जून

आईंनी शेवटी कवळीचं माप द्यायला होकार दिला. दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं आणि साचा आमच्या लॅबमध्ये आला. दुसऱ्या कुणी हात लावण्याआधी मी उचलला. प्लास्टरमध्ये हिरड्या स्पष्ट उमटतात. डावी बाजू पार झिजून सपाट झालेली. कित्येक वर्षं एकाच बाजूने चावत होत्या, आणि एका टेबलावर जेवत असून मला माहीत नव्हतं.

दोनदा मेण बसवलं, दोनदा काढलं. मालक म्हणाले, "एवढं काय बघताय, नेहमीचंच काम आहे." म्हटलं, "नेहमीचं नाही." तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा पटलं.

ससा आता पालक चिमूटभर खातो, पोट ठीक. वजन वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव काय लिहू कार्डावर? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "मेल्या." लिहिलं त्यांनी. आता काय करणार.


मंगळवार, २५ जून

कोर्टाची तारीख.

मी एकटीच जाणार होते. सकाळी बघते तर आई साडी नेसून, केस विंचरून, नवी कवळी घालून दारात उभ्या. "तुम्ही नका येऊ, तुम्हाला तिथे त्रास होईल," म्हटलं. "तो समोर असेल, त्याची माणसं असतील."

"म्हणूनच येतेय."

"आणि सशाला?"

"गवत भरून ठेवलंय, पाणी ठेवलंय, काकूंना किल्ली दिलीय. काकू घाबरतात त्याला, पण येतील."

कोर्टाबाहेरचा लांब बोळ. भिंतीला दोन बाकं, समोरासमोर. एका बाकावर तो, त्याचा वकील, आणि त्याचा एक मित्र, जो आमच्या लग्नात सगळ्यात जास्त जेवला होता. दुसऱ्या बाकावर मी आणि माझी वकील. आई बाहेर पाणी प्यायला थांबल्या होत्या, मागून आल्या. त्याने सरकून जागा केली. मनापासून केली असेल, मला माहीत नाही. आई त्याच्यासमोर थांबल्या, त्याची कॉलर नीट केली, म्हणाल्या, "बारीक झालास." आणि पलीकडे येऊन माझ्याजवळ बसल्या.

दारावरचा शिपाई कागद घेऊन आला, कोण कोण आलंय बघायला. "आजी, तुम्ही कोण?"

"मी हिची सासू."

"मग तुमचं बाक तिकडे. नवऱ्याकडची माणसं त्या बाजूला बसतात."

आई हलल्या नाहीत. पर्स मांडीवर ठेवली, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि बोळात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, त्याची मी आई आहे, ते कुठे जात नाही, कुठेही बसले तरी. पण सासू मी फक्त हिचीच आहे. मी इथेच बसणार."